लेकीला गणितही हवंय आणि भाषाशास्त्रही: लवचीक ऑनर्स प्रोग्रॅम कसे शोधायचे?

अंजिरी
नमस्कार मंडळी. लेक अकरावीत आहे, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मार्कांची काळजी नाही. एपी कॅल्क्युलस बीसी (शाळेतच करता येणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) दहावीतच झालं, आता जवळच्या कम्युनिटी कॉलेजात लिनिअर अल्जिब्रा करतेय. अडचण वेगळीच आहे. तिला गणित हवंय, कॉम्प्युटर सायन्स हवंय आणि भाषाशास्त्रही हवंय. 'यातलं एक निवड' म्हटलं की गप्प होते आणि उठून खोलीत जाते.

भाषाशास्त्राची गोडी लागली ती माझ्या सासूबाईंमुळे. त्या अमरावतीच्या. दर रविवारी फोनवर 'डोये दुखतात', 'शायेत गेली होती का' असं बोलणं. लेकीने विचारलं, आजी ळ चा य का करते? मी म्हटलं, वऱ्हाडीत तसंच असतं. एवढ्याने तिचं समाधान होईना. आजीची परवानगी घेऊन तिने सहा महिने फोन रेकॉर्ड केले. वहीत तक्ता आखला: कुठे य येतो, कुठे ळ तसाच राहतो, आणि आजी पेपरातली बातमी सांगायला लागली की ळ कसा गुपचूप परत येतो. मग ते सगळं मोजायला पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हे कुठल्या गटात घालायचं ते शिक्षकांनाही ठरवता आलं नाही.

तर प्रश्न असा. विद्यापीठांतल्या हुशार मुलांसाठीच्या ऑनर्स कॉलेजांची माहितीपत्रकं चाळली, सगळीकडे 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द आहे. दोन-तीन विभागांत मुलांना खरोखर मोकळेपणाने फिरू देतात अशी ठिकाणं कोणती, आणि ते बाहेरून ओळखायचं कसं? इन-स्टेट फीचा, म्हणजे आपल्याच राज्यातल्या मुलांसाठीच्या कमी फीचा, विचार आहेच, पण तेवढाच नाही. अनुभव लिहा, प्लीज.

टेकडीवरचा
वाचतोय. मुलगा नववीत आहे, वाचनखूण साठवली.

करवंद
अंजिरी, तो तक्ता फार आवडला.

'ऑनर्स' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात, त्या आधी सुट्या करून घ्या. पहिली म्हणजे ऑनर्स कॉलेज. मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या आत एक छोटं कॉलेज, स्वतःचा डीन, स्वतःचे सल्लागार, बहुतेक वेळा स्वतःचं वसतिगृह. पेन स्टेटचं श्रायर, अ‍ॅरिझोना स्टेटचं बॅरेट, तुमच्या घराजवळचं रटगर्सचं ऑनर्स कॉलेज ही यातली. दुसरी म्हणजे ऑनर्स प्रोग्रॅम, म्हणजे काही खास सेमिनार आणि शेवटी प्रबंध. तिसरी म्हणजे एखाद्या विभागाचं ऑनर्स, जे तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्या विषयातल्या प्रबंधासाठी मिळतं. तिसऱ्या प्रकारात बहुधा एकाच विषयात खोल जाणं असतं, तुमच्या लेकीला हवी तशी मोकळीक नसते.

आणखी एक चौथा प्रकार आहे, त्याच्या नावात ऑनर्स असेलच असं नाही, पण तुमच्यासाठी कदाचित सगळ्यात महत्त्वाचा: स्वतःची पदवी स्वतः आखायची सोय. युनिव्हर्सिटी ऑफ साउथ कॅरोलायनाच्या ऑनर्स कॉलेजात बार्स्क नावाची पदवी आहे, तिचा अभ्यासक्रम विद्यार्थी प्राध्यापकांना सोबत घेऊन मांडतो. युमास अ‍ॅमहर्स्टला (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात) बीडिक नावाची तशीच सोय आहे. न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीचं गॅलटिन तर १९७२ पासून नेमकं हेच करतंय. ऑनर्स आणि स्वतः आखलेली पदवी असं दोन्ही जिथे एकत्र करता येतं, ती ठिकाणं आधी बघा.

गणपुले_मास्तर
मी थोडं विरोधात लिहितो, राग मानू नये. मुलगी हुशार आहे हे दिसतंच आहे. पण आपल्याकडे म्हण आहे, एक ना धड, भाराभर चिंध्या. गणित आणि कॉम्प्युटर असा डबल मेजर (दोन मुख्य विषय) करा, भाषाशास्त्र मायनर (जोडविषय) ठेवा, झालं. ऑनर्स कॉलेज कशासाठी असतं? आयव्ही लीगला जाऊ शकणारी मुलं सरकारी विद्यापीठाकडे ओढून घ्यायला. चांगलं वसतिगृह द्यायचं, थोडी शिष्यवृत्ती द्यायची. मुलाखत घेणारा माणूस ऑनर्सची ओळ वाचतो आणि पुढे सरकतो. मी वीस वर्षं मुलाखती घेतोय.

अर्धवट_चहा
मास्तर, वीस वर्षांत ळ आणि य मोजणारा एकही उमेदवार तुमच्यासमोर बसला नसेल. बसला असता तर पुढे सरकला नसतात :)

मैना
मी बरीच वर्षं एका मोठ्या सरकारी विद्यापीठात अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायजर होते, त्यामुळे जरा लांब लिहिते.

मास्तरांचं एक म्हणणं बरोबर आहे, ऑनर्सचं लेबल बाजारात फार काळ टिकत नाही. पण चिंध्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. चिंध्या नीट शिवल्या तर गोधडी होते, आणि ती थंडीत उपयोगी पडते. प्रश्न एवढाच की शिवायला कोण बसतंय. ज्या प्रोग्रॅममध्ये मुलाला पहिल्या दिवसापासून एक ठरलेला माणूस मिळतो, जो दोन विभागांना फोन लावून 'हिला या वर्गात घ्या' म्हणू शकतो, तिथेच गोधडी तयार होते. नाहीतर मुलं चार वर्षं सुटे तुकडे गोळा करत राहतात.

आता बाहेरून ओळखायचं कसं ते सांगते. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि डिग्री शीट मागा. प्रत्येक मेजरचा एक कागद असतो, कुठल्या सत्रात कोणता विषय ते त्यात लिहिलेलं असतं. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी टेबलावर तो कागद आणि तीन रंगांचे हायलायटर द्यायचे. मेजरचे सक्तीचे विषय पिवळे करा, विद्यापीठाचे सक्तीचे हिरवे, ऑनर्सचे गुलाबी. पांढरं जे उरेल तेवढी तुमची मोकळीक. इंजिनीअरिंगचा कागद बहुतेक पूर्ण रंगतो, कारण अ‍ॅबेट या अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेच्या मान्यतेमुळे तो अभ्यासक्रम घट्ट बांधलेला असतो. गणिताच्या बीएचा कागद बराच पांढरा राहतो. आणि बघायची खरी गोष्ट ही, की गुलाबी रंग हिरव्याच्या जागी बसतो की पांढरं खातो. ऑनर्सचे सेमिनार जनरल एज्युकेशनच्या बदल्यात धरले जात असतील तर मुलीचं काहीच जात नाही. ते वरून लादलेले असतील तर ऑनर्समुळे तिची मोकळीक उलट कमी होते. हे पालकांना दुसऱ्या वर्षी कळतं.

आणखी तीन प्रश्न विचारा. एक, नावनोंदणीत प्राधान्य मिळतं का? वाचायला हे किरकोळ वाटतं. पण दोन विभागांचे वर्ग एकाच वेळापत्रकात बसवायचे तर आधी नोंदणी करता येणं हीच निम्मी लढाई असते. दोन, ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट आहे का? म्हणजे साध्या वर्गात प्राध्यापकांशी ठरवून जास्तीचं काम करायचं आणि त्याला ऑनर्सचं क्रेडिट घ्यायचं. तुमच्या लेकीने संख्याशास्त्राच्या वर्गात आजीच्या रेकॉर्डिंगवर काम केलं तर ते कॉन्ट्रॅक्ट होऊ शकतं. बॅरेटमध्ये ही पद्धत चांगली रुळलेली आहे. तीन, प्रबंधाला दोन वेगळ्या विभागांतले मार्गदर्शक चालतात का, आणि गेल्या वर्षी असे किती झाले? गेल्या वर्षीच्या प्रबंधांची शीर्षकं मागा. ती यादी वाचली की 'आंतरविद्याशाखीय' म्हणजे तिथे काय ते दहा मिनिटांत कळतं.

अंजिरी
मैनाताई, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावला आहे. आज संध्याकाळी हायलायटर आणते.

मास्तर, राग अजिबात नाही. तिच्या बाबांचं म्हणणं शब्दशः तुमच्यासारखंच आहे, म्हणून तर इथे विचारलं.

ह्यूस्टनकर
टेक्सासचं प्लॅन टू अजून कुणी कसं लिहिलं नाही? यूटी ऑस्टिनमध्ये १९३५ पासून चालू आहे, आणि प्लॅन टू हाच मुळात मेजर आहे. माझी पुतणी तिथे शिकली. पहिलं वर्षभर जागतिक साहित्य, दुसऱ्या वर्षी तत्त्वज्ञान, मग सेमिनार आणि शेवटी प्रबंध. कलाशाखेच्या मुलांनाही विज्ञानाचे विषय करावेच लागतात. तिने जोडीला कॉम्प्युटर सायन्स केलं, तिच्या मैत्रिणीने इंजिनीअरिंग. बरीच मुलं अशी जोडी करतात.

पण ती सोपी नाही, हेही लिहितो. दोन मेजरच्या अटी दोन ठिकाणी वाचायच्या, दोन सल्लागारांना भेटायचं. पुतणी म्हणायची, काका, पहिल्या वर्षी जागतिक साहित्याचे निबंध रात्री दोनपर्यंत आणि सकाळी आठला प्रोग्रॅमिंगची लॅब. तरी आज विचारलं तर पहिलं नाव ती साहित्याच्या वर्गाचंच घेते.

न्यू जर्सीहून गेलात तर मात्र बाहेरच्या राज्याची फी पडेल, तेवढं बघा.

पिंपळपान
थोडं अवांतर, पण विषय निघालाच आहे म्हणून. मुलगा प्रीमेड म्हणतोय आणि त्याला संगीतही शिकायचंय. ओळखीतले सगळे म्हणतात बायॉलॉजीच घे. हे असलं मिश्रण मेडिकल स्कूलला चालतं का?

मैना
पिंपळपान, मेजर कोणता यावर मेडिकल स्कूल अडून बसत नाहीत. जीवशास्त्र, रसायन, ऑरगॅनिक केमिस्ट्री, भौतिकशास्त्र हे प्रयोगशाळेसकट करावे लागतात, एमकॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि प्रत्येक कॉलेजच्या आणखी काही अटी असतात त्या त्यांच्या संकेतस्थळावर तपासायच्या. हे सगळं सांभाळून संगीतात मेजर करणारी मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत. फक्त रसायनाची साखळी पहिल्या सत्रात चालू करायला सांगा. ती एक सत्र पुढे ढकलली की सगळा हिशेब सरकतो.

निखळ
मी मागच्या वर्षी एका सरकारी विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजातून बाहेर पडलो. मराठी लिहायची सवय कमी आहे, सांभाळून घ्या.

माझं सिव्हिल इंजिनीअरिंग आणि इतिहास. प्रबंधाचा विषय: आमच्या गावाजवळच्या नदीचे जुने पूरनकाशे, आणि कुठल्या वस्त्या पूररेषेत राहिल्या त्या का राहिल्या. माझे दोन मार्गदर्शक होते. इंजिनीअरिंगच्या सरांना आकृत्या हव्या होत्या, इतिहासाच्या मॅडमना तळटिपा. चार महिने मी दोघांना वेगवेगळे ड्राफ्ट पाठवत राहिलो. मग मॅडमच म्हणाल्या, आपण तिघं एका खोलीत बसू. नकाशा टेबलावर पसरला. सरांनी १९३०च्या दशकातल्या एका बंधाऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा इथेच का बांधला? मॅडमनी नगरपालिकेच्या इतिवृत्तातला एक परिच्छेद वाचून दाखवला. पुढचा तास ते दोघं एकमेकांशी बोलत होते आणि मी भराभर लिहून घेत होतो. माझा सगळा प्रबंध त्या एका तासात आहे.

वाईट भाग हा, की ऑनर्स ऑफिसने मला एक वर्ष चुकीचं सांगितलं होतं. इतिहासाचे दोन विषय ऑनर्समध्ये धरले जातील असं तोंडी सांगितलं आणि नंतर धरले नाहीत. एक उन्हाळा त्यात गेला. म्हणून सल्ला: जे काही ठरेल ते ईमेलवर मागून घ्या. आणि पालकांनी नाही, विद्यार्थ्याने मागायचं.

अर्धवट_चहा
निखळ, मराठी उत्तम आहे तुझं. 'भराभर लिहून घेत होतो' वाचून अंगावर काटा आला.

कोयना
एवढी चर्चा झाली, मग हे सगळं आलं कुठून तेही लिहिते. अमेरिकेत ऑनर्सची आजची पद्धत रुजवण्यात फ्रँक एडेलॉट यांचा मोठा वाटा. ते ऱ्होड्स स्कॉलर म्हणून ऑक्सफर्डला शिकले, पुढे स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि १९२२ मध्ये त्यांनी तिथे ऑनर्स सुरू केलं. छोटे सेमिनार, आणि शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरच्या विद्यापीठांतले परीक्षक. आजही तिथे बाहेरचे परीक्षक येतात, तोंडी परीक्षा घेतात. शिकवणारा आणि परीक्षक वेगळा असल्यामुळे वर्गात प्राध्यापक आणि विद्यार्थी एकाच बाजूला बसतात.

हाच धागा पकडून पुढे कुणी काय केलं बघा. ओहायो युनिव्हर्सिटीचं ऑनर्स ट्यूटोरियल कॉलेज १९७२चं, तिथे प्राध्यापकासोबत एकास एक ट्यूटोरियल असतं. युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्गच्या ऑनर्स कॉलेजात बीफिल नावाची पदवी आहे, त्यात प्रबंध समितीसमोर मांडावा लागतो आणि समितीत एक परीक्षक बाहेरचा असतो. पदवीच्या पातळीवर हे फार कमी ठिकाणी आहे.

कॅलिफोर्नियात यूसी सांता बार्बराचं कॉलेज ऑफ क्रिएटिव्ह स्टडीज, १९६७ पासून. मुलांकडून पहिल्या वर्षापासून संशोधकासारखं काम अपेक्षित असतं, पदव्युत्तर वर्गांत बसता येतं. पण तिथल्या मोजक्या मेजरमध्ये गणित आणि कम्प्युटिंग आहे, भाषाशास्त्र नाही. ते शेजारच्या मोठ्या कॉलेजातून घ्यावं लागेल.

आणि नावात ऑनर्स नसलेलं ब्राउन. १९६९ पासून तिथे सक्तीचे सामायिक विषय नाहीत. पदवीला ३० कोर्स लागतात. कोणताही कोर्स ग्रेडशिवाय घेता येतो, आणि स्वतःचं कॉन्सन्ट्रेशन (तिथे मेजरला हेच म्हणतात) आखून मंजूर करून घेता येतं. प्रवेश मिळणं कठीण, हे सांगायला नको.

गणपुले_मास्तर
कोयना यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण. बाहेरचा परीक्षक ही कल्पना मला पटली. आमच्या वेळी असं असतं तर मी जास्त शिकलो असतो.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण अंजिरीताईंना एक कामाची गोष्ट सांगतो. कॉम्प्युटर सायन्सचं दार आधी तपासा. पुष्कळ मोठ्या विद्यापीठांत पहिल्या वर्षी दुसऱ्या मेजरमध्ये शिरून नंतर तिकडे वळणं फार अवघड झालंय. ऑनर्समध्ये आहात म्हणून ते दार उघडेलच असं नाही. त्यामुळे अर्जाच्या वेळीच जोडून मिळत असेल तर ते घ्या. इलिनॉय अर्बाना-शँपेनमध्ये सीएस प्लस एक्स नावाचे अभ्यासक्रम आहेत: कॉम्प्युटर आणि संगीत, कॉम्प्युटर आणि पीकशास्त्र, आणि हो, कॉम्प्युटर आणि भाषाशास्त्र. काल रात्री शोधलं. तुमच्या मुलीसाठीच कुणी आखलाय असं वाटलं.

अंजिरी
मास्तर!! लेकीला दाखवलं. ती आत्ता पानच्या पान वाचतेय, जेवायला बोलावलं तर 'पाच मिनिटं' म्हणाली त्याला चाळीस मिनिटं झाली.

रानजाई
आमचं अजून एच-वन या नोकरीच्या व्हिसावर चालू आहे, मुलगी एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर. तिला ऑनर्सच्या शिष्यवृत्त्या मिळतात का? आणि इन-स्टेट फी? सगळीकडे वेगवेगळं ऐकायला येतं.

करवंद
रानजाई, वेगवेगळं ऐकायला येतं कारण ते खरंच वेगवेगळं आहे. इन-स्टेट फी प्रत्येक राज्य आपल्या नियमाने ठरवतं; काही राज्यांत एच-फोरवरच्या मुलांना ती मिळते. फॅफ्सा या अर्जातून येणारी केंद्र सरकारची मदत एच-फोरला मिळत नाही. नॅशनल मेरिट शिष्यवृत्ती नागरिकांसाठी आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी आहे. पण विद्यापीठाची स्वतःची गुणवत्ता शिष्यवृत्ती हा निराळा पैसा आहे. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी लेखी विचारा, आणि मुलगी २१ वर्षांची झाल्यावर एच-फोर संपतो, तेव्हा तीच शिष्यवृत्ती पुढे चालू राहील का हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. हा प्रश्न पहिल्या वर्षी कुणाला सुचत नाही.

न्यू यॉर्क शहरातल्या मंडळींसाठी: क्युनीचं, म्हणजे सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यू यॉर्कचं, मॅकॉले ऑनर्स कॉलेज, २००१ मध्ये सुरू झालं. इन-स्टेट फीला पात्र असलेल्या मुलांची पूर्ण ट्यूशन भरली जाते. चार सेमिनार न्यू यॉर्क शहरावरच आहेत: शहरातली कला, शहरात आलेली माणसं, शहरातलं विज्ञान, शहराचं भविष्य. एखादं गाव घेऊन चार बाजूंनी बघायचं, याहून सोपं आंतरविद्याशाखीय शिक्षण मला तरी सांगता येणार नाही.

देवचाफा
सगळे उत्साहात आहेत. मी दुसरी बाजू लिहिते, कारण मला कुणी सांगितली नव्हती.

मुलगा शाळेत कायम पहिला. एका मोठ्या ऑनर्स कॉलेजात गेला, चांगली शिष्यवृत्ती मिळाली. टिकून राहायला ठरावीक जीपीए (ग्रेडची सरासरी) लागायचा. पहिल्या वर्षी त्याला खगोलशास्त्र आणि ग्रीक, दोन्ही घ्यायचं होतं. ग्रीक अवघड गेलं. शिष्यवृत्ती जाईल या भीतीने त्याने ते सोडलं, आणि पुढची दोन वर्षं जिथे ए नक्की मिळेल तेच विषय घेत राहिला. जी मोकळीक बघून आम्ही ते कॉलेज घेतलं होतं, ती त्याने कधी वापरलीच नाही. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी फोन आला, आई, मी ऑनर्स सोडतोय. आम्ही घरी दोन दिवस एकमेकांशी नीट बोललो नाही. त्याने साधं भौतिकशास्त्र पूर्ण केलं आणि ग्रीक परत घेतलं, बी मायनस मिळाला. त्या बी मायनसचा फोटो त्याने आम्हाला पाठवला होता.

म्हणून लवचीकता मोजताना हे पण विचारा: एक सत्र बिघडलं तर काय होतं? किती मुदत देतात? ग्रेडशिवाय घेतलेला कोर्स ऑनर्समध्ये धरतात का? हुशार मुलांना नापास होण्याची सवय नसते, आणि ही मुलं तर एकदम चार अनोळखी विषयांत उतरणार असतात.

मैना
देवचाफा, हे लिहिलंत फार बरं केलंत. माझ्या ऑफिसात दर डिसेंबरला अशी मुलं रडायची. प्रोबेशनचा नियम, म्हणजे ग्रेड घसरले तर सुधारायला किती मुदत देतात, हा चौथा प्रश्न म्हणून माझ्या यादीत घालते.

टेकडीवरचा
मुलगा नववीत आहे म्हणून नुसता वाचत होतो. देवचाफा यांचा प्रतिसाद मात्र बायकोला मोठ्याने वाचून दाखवला.

ह्यूस्टनकर
मेरीलँडचं जेमस्टोनपण बघून ठेवा. ऑनर्स कॉलेजमधलाच चार वर्षांचा प्रोग्रॅम. वेगवेगळ्या मेजरची मुलं एक गट करतात, एकच प्रश्न घेतात आणि शेवटी गटाने प्रबंध मांडतात. प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक असतो आणि एक ग्रंथपालही. एकट्याने प्रबंध लिहायची धास्ती वाटणाऱ्या मुलांसाठी हे उत्तम.

अंजिरी
पाच महिन्यांनी परत आलेय. मध्ये दोन-तीन जणांनी विचारपूस केली, त्यांचे आभार.

हायलायटरचा प्रयोग केला. जेवणाच्या टेबलावर सहा विद्यापीठांचे कागद पसरले होते. बाबा पिवळं रंगवत होते, मी हिरवं, लेक गुलाबी. दोन ठिकाणी गुलाबीने पांढरं जवळजवळ संपवलं, ती दोन्ही तिने स्वतःच बाजूला ठेवली. त्यातलं एक तिच्या बाबांचं सगळ्यात आवडतं होतं. कागद त्यांनीच रंगवलेला, त्यामुळे वाद झाला नाही.

मग प्रबंधांच्या याद्या मागवल्या. ईमेल तिनेच लिहिले, निखळचं ऐकून. सहापैकी चार ठिकाणांहून उत्तर आलं. एका ठिकाणच्या सहसंचालिकेने यादी तर पाठवलीच, वर भाषाशास्त्राच्या एका प्राध्यापकांना ईमेलमध्ये जोडून घेतलं. त्यांनी लेकीला एकच प्रश्न विचारला: आजीला रेकॉर्डिंग चालू असल्याचं माहीत असताना आणि ती विसरून गेलेली असताना, तुझ्या आकड्यांत फरक पडतो का? लेक दोन दिवस त्यावर बसली. तिने प्रत्येक रेकॉर्डिंगची पहिली पाच मिनिटं वेगळी काढून मोजली. फरक पडतो! पहिल्या पाच मिनिटांत ळ बराच जास्त आहे. मग आजी रंगात येते आणि डोये, काया, शाया सगळं सुरू होतं.

आता यादी अशी आहे. रटगर्स, कारण घराजवळ, इन-स्टेट, आणि ऑनर्ससाठी वेगळा अर्ज नाही. इलिनॉयचं सीएस आणि भाषाशास्त्र. पिट्सबर्ग, बीफिलसाठी. युमास. स्वार्थमोर, तिथे गणिताला भाषाशास्त्राची जोड ऑनर्समध्ये देता येते आणि बाहेरच्या परीक्षकाचं तिला भारी आकर्षण आहे. आणि ब्राउन, तिच्या हौसेसाठी. फीचा आकडा प्रत्येकाच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर (मदत वजा जाता किती खर्च येईल ते दाखवणारं पान) काढून वहीत लिहिला आहे. प्रोबेशनचा नियमही त्याच पानावर आहे, देवचाफाताई. कॉमन अ‍ॅप (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) १ ऑगस्टला उघडलं, निबंध चालू आहे. निबंधाचं पहिलं वाक्य 'माझ्या आजीचे डोये दुखतात' असं इंग्रजीत कसं लिहायचं, यावर सध्या घरात खल चाललाय.

गणपुले_मास्तर
'डोये' तसंच ठेवायला सांगा, रोमन लिपीत. वाचणाऱ्याला थांबू दे. मीही थांबलो असतो.

निखळ
पहिली पाच मिनिटं वेगळी काढून मोजली, हे निबंधात हवंच. ऑल द बेस्ट!

पिंपळपान
अंजिरी, माझी आई अकोल्याची, वय ८१. तीही शाया म्हणते, पण बाळ कधीच बाय होत नाही तिच्या तोंडी, असं मला हा धागा वाचल्यापासून वाटायला लागलंय. तिला दुपारी फोनवर बोलायला कुणीतरी हवंच असतं. लेकीला आणखी एक आजी हवी असेल तर नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवते.